मावशीच्या घरासाठी राबलेल्यांचे आभार

पुण्यात आमच्या मावशीच्या दोन खोल्यांत वर्तमानपत्रांचे गठ्ठे, दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचे रिकामे डबे छतापर्यंत रचलेले होते. ते आवरायला आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सर्वांत आधी समुपदेशक ताईंचे. ‘मावशींना विचारल्याशिवाय कागदही हलवायचा नाही,’ हे त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. हा आळस नाही की कंजूषपणा नाही. २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीमध्ये साठवणुकीचा विकार स्वतंत्र आजार म्हणून नोंदला आहे. परस्पर घर रिकामं केलं तर माणूस खचतो, आणि पसारा बहुतेक वेळा पुन्हा साठतो.

रद्दीवाले काका, मावशीने काट्यावर ठेवलेला गठ्ठा पुन्हा पुन्हा परत मागितला, तरी तुम्ही कुरकुर न करता दिलात. एवढा धीर घरच्यांनाही जमत नाही. कचरावेचक ताईंनी गादीच्या घडीत सापडलेली नोटांची पुडी सरळ तिच्या हातात ठेवली. शेजारच्या काकूंनी जेवणाचे डबे पुरवले आणि सोसायटीत कुणालाही तिला नावं ठेवू दिली नाहीत, याचं मोल मला फार आहे.

गॅसची शेगडी आणि खिडकी मोकळी झाली. मागची खोली मावशी म्हणेल तेव्हा काढू. तेव्हाही तुम्हालाच हाक मारेन.