गोळी बंद करू नकोस

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर आईनं विचारलं, "आता अगदी बरी आहे गं, ती रक्त पातळ करायची गोळी बंद करू का?" ऐकून धस्स झालं. फोनवर धड बोलता येईना, म्हणून लिहितेय.

आई, तुझा ताप उतरला तरी कपाळावर सुंठेचा लेप होताच. वाळून भेगा पडलेल्या, वर बाबांचा रुमाल घट्ट बांधलेला. सगळे पित्त पित्त म्हणत होते, मीसुद्धा. पण पित्ताचं डोकं उलटी झाली की उतरतं. तुझं मात्र आडवं झालं की, खोकला आला की वाढायचं. मग उजव्या हाताची बोटं आपोआप उडायला लागली. बाबा, तुम्ही कुणाच्या गाडीची वाट न बघता १०८ ला फोन केलात, ते फार बरं केलंत.

साध्या सीटी स्कॅनमध्ये काहीच दिसलं नव्हतं, आठवतं? शिरांचा एमआरआय केला तेव्हा गुठळी सापडली. मेंदूतलं रक्त ज्या मोठ्या शिरांतून खाली उतरतं, तीच वाट तुंबली होती. विषाणूशी झुंजताना रक्त लवकर गोठायला लागतं, त्यात तू चार दिवस घोटभर पाण्यावर. कोविडच्या साथीत डॉक्टरांनी असे पेशंट पाहिले.

ही गोळी गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही. बाकीचं शरीर हळूहळू करतं. त्याला ३ ते १२ महिने लागतात. तुझे दोनच झालेत.

आता मेथी. मागचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, १.६ आला, हवा २ ते ३. थंडीत बाबा गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारातून जुड्याच्या जुड्या आणतात नि तू रोज परतून खातेस. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीचा जोर कमी करतं. सोडू नकोस, पण एक आठवडा ढीगभर नि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं नको. डॉक्टरांनाही सांग. गुडघा दुखला तर शेजारच्या काकूंची दुखण्याची गोळी घेऊ नकोस. हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळं झालं, तर लगेच दवाखाना, मग मला फोन. आणि डोकं पुन्हा तसं दुखलं तर लपवायचं नाही. लेपही लावायचा नाही.

शनिवारी येतेय. फाईल कपाटात नको, टीव्हीजवळ ठेवा.

तुमची,
ताई