नजर नेढ्यावर

इचलकरंजी,
रविवार, रात्री

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या रायफलच्या मॅचनंतर तुझा फोन झाला आणि मी शिलाई मशीनवर बसले, पण हात चालेना. दहा-दहा शॉट्सच्या चार सिरीज तू छान मारल्यास, पाचवीत दोन शॉट दहाऐवजी नऊला गेले, सहावीत तर एक आठला. आणि मी काय म्हणाले? "टेन्शन कशाला घ्यायचं, मन घट्ट कर." दोन वर्षं हेच सांगत आले. तापानं फणफणलेल्या लेकराला "ताप उतरव बघू" म्हणावं, तसंच झालं हे. चुकलंच माझं. तासन् तास ड्राय, म्हणजे छर्ऱ्याशिवाय नुसता सराव, करून तू हात तयार केलास. मनालाही तेवढीच मेहनत लागते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पालकसभेत तुमच्या मानसतज्ज्ञ मॅडमनी एक प्रयोग सांगितला होता. १९९८ साली गाब्रिएले वुल्फ नावाच्या बाईंनी स्कीइंगच्या सरावयंत्रावर काही जणांना स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि काहींना पायाखालच्या फळीच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. तेव्हा मी नुसती मान हलवली. परवा दोरा ओवताना ते कळलं. दोऱ्याचं टोक ओलं करायचं, पीळ द्यायचा, श्वास आपोआप थांबतो, नजर नेढ्यावर. बोटांकडे मी कधी बघतच नाही. पण गिऱ्हाईक समोर उभं राहून घाई करू लागलं की नजर बोटांवर जाते आणि दोरा तीन-तीनदा चुकतो. बोटं तीच, तीस वर्षं ओवणारी.

तुझंही तसंच झालं बघ. त्या मॅचला मी मागे खुर्चीत बसले होते. पहिला नऊ गेल्यावर तू ट्रिगरचं बोट पँटला पुसलंस, त्याच्याकडे बघितलंस, परत पुसलंस. त्यानंतरच्या प्रत्येक शॉटला तुझं लक्ष त्या बोटावर होतं. नवीन शिकताना ते हवंच होतं. पहिले सहा महिने तू "श्वास, साईट, ट्रिगर" असं पुटपुटत झोपायचीस. आता ते काम हाताच्या अंगवळणी पडलंय. दडपण आलं की आपण तेच उसवून तपासायला बसतो आणि चांगली शिवण बिघडते. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, माझ्या बारीक सुईच्या नेढ्याएवढा, तोही दहा मीटरवर. तिथे एवढी ढवळाढवळ कशी चालेल?

आपल्या राधानगरीकडच्या कांबळवाडीचा रायफल नेमबाज स्वप्नील कुसाळे आठव. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धेत तो पदकाच्या वाटेवर होता. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्याने मारताना, एक शॉट ७.६ गेला आणि चौथा आला. दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये गुडघ्यावरच्या पोझिशनमध्ये तो मागेच होता. वर आला तो स्टँडिंगमध्ये, ४५१.४ गुणांवर कांस्य. पदकाचं कौतुक सगळ्यांनी केलं. माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. ज्या पोझिशनने घात केला, तिच्यातच तो पुन्हा निवांत उभा राहिला.

आणि अभिनव बिंद्रा. अथेन्सला २००४ मध्ये अंतिम फेरीत सातवा. बीजिंगला जाण्याआधी तो जर्मनीत कमांडोंच्या उंच खांबावर चढला, अंगात भीती असताना काम कसं करायचं ते शिकायला. भीती जावी म्हणून नव्हे गं, हे मला फार पटलं. बीजिंगच्या अंतिम फेरीत त्याचा शेवटचा शॉट होता १०.८, जवळजवळ अगदी मधोमध.

तुला साठ शॉट्सना पंचाहत्तर मिनिटं असतात, म्हणजे एकेकाला सव्वा मिनिट. शॉट गेला की मॉनिटरकडे लगेच बघू नकोस, एक श्वास पूर्ण सोड. पोझिशन घेतल्यावर डोळे मीट, उघड. साईट सरकली असेल तर हाताने ओढू नकोस, पाय हलव. हे तुझ्या कोचनीच शिकवलंय, मी ऐकलंय. पण शेवटच्या दोन सिरीजमध्ये तू ते सोडून दिलंस. आणि शॉट जमेना तर रायफल खाली घे. घाईत मारू नकोस.

दिवाळीत येशील तेव्हा पॅसेजमध्ये ड्राय कर. मी मशीन चालू ठेवते, कुकर लावते, ओंकार शेजारी उभा राहून दुसऱ्यांचे आकडे ओरडेल. तो आत्ताच तयार आहे!

इथून पुढे फोनवर स्कोअर मी पहिल्यांदा विचारणार नाही. किती शॉट्सना श्वास धरून ठेवावासा वाटला, किती वेळा रायफल खाली घेतलीस, ते सांग. त्या मॅडमकडे दर आठवड्याला जा. बाबांना मी समजावलंय, आता ते "तिथे वेडे जातात" म्हणणार नाहीत.

डाव्या ग्लोव्हची शिवण उसवलीय म्हणालीस ना? येताना आण, दुहेरी टाका घालून देते.

तुझी,
आई