चार कॉर्डच्या पुढे कधी जाणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वार्षिक परीक्षा आटोपल्या की कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर भागात गिटार क्लासचे फलक लागतात. मुलं हौसेनं जातात आणि वर्षभरानं चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), एक ठरावीक स्ट्रमिंग (तारांवरून हात फिरवून साथ) आणि मोबाइलवरच्या गाण्याला साथ एवढ्यावर अडकतात. गाणारा उठला की वाद्य मुकं. गिटार, मेंडोलिन आणि व्हायोलिन वाजवणाऱ्या आम्हा काही जणांना यावर एक उपाय सुचवावासा वाटतो: अमेरिकेतल्या ब्लूग्रास या तंतुवाद्यांवरच्या लोकसंगीतात वाजणाऱ्या छोट्या धुना पहिल्या महिन्यापासून आणि कानानं शिकवाव्यात.

ब्लूग्रासचा आजचा बाज बिल मनरो यांच्या बँडमध्ये ठरला. ते स्वतः मेंडोलिन वाजवत. १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांचा बँजो घेऊन त्यांच्याकडे आले आणि मेंडोलिन, बँजो, फिडल, गिटार, बास असा पाच वाद्यांचा मेळ जमला. फिडल म्हणजे व्हायोलिनच. धुना मात्र याहून कितीतरी जुन्या. बहुतेकींचे दोन भाग असतात, प्रत्येक आठ मात्राखंडांचा आणि दोनदा वाजवायचा. बत्तीस खंडांत धून पुरी होते, त्यामुळे नवशिक्याच्या हाती आठवड्याभरात काहीतरी अख्खं लागतं.

सुरुवात ‘बॉइल देम कॅबेज डाउन’पासून करावी. तिचा सांगाडा इतकाच: ग म ग रे, ग म ग रे सा. प्रत्येक सूर लांब-आखूड-आखूड अशा ठेक्यात भरायचा. मेंडोलिन आणि व्हायोलिन दोन्ही जाड तारेकडून बारीक तारेकडे जी-डी-ए-ई असे लावतात. मेंडोलिनच्या ए तारेवर मोकळी तार सा, दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म. आधी सरगम म्हणायची, मग बोट ठेवायचं. टॅबचे, म्हणजे कोणत्या तारेवर कितवा फ्रेट हे सांगणारे आकडे पाठ केलेला मुलगा एक सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सरगम म्हणणारा पुढच्या सुरावर चालीला गाठतो. आपल्याकडे पेटीवर अलंकार घोकलेली मुलं इथं आधीच पुढे असतात, हे क्लासवाल्यांच्या ध्यानात येत नाही.

‘ओल्ड जो क्लार्क’ जरा पुढची. ए पट्टीत पहिल्या भागाची सुरुवात: प ध नि ध प म ग. यातला नि कोमल. बारीक ई तारेवर मोकळी, दुसरा फ्रेट, तिसरा, दुसरा, पुन्हा मोकळी. मग ए तारेवर पाचवा आणि चौथा. शुद्ध स्वरांची सवय असलेलं बोट हमखास चौथ्या फ्रेटवर जातं, नि शुद्ध लागतो आणि धुनेची सगळी चव जाते. खमाज थाट म्हणून सांगितलं की चूक लगेच सुधारते. ‘एंजलीन द बेकर’ सहसा भूपाच्या पाच स्वरांतच फिरते, तीही लवकर बसते.

खरी गोची उजव्या हाताची. हात लोलकासारखा खाली-वर सतत चालला पाहिजे: मात्रेवर पिक (तार छेडायची छोटी चकती) खाली, मात्रेच्या मध्यावर वर. सूर नसेल तिथेही हात थांबवायचा नाही, तार न छेडता नुसता जाऊ द्यायचा. तार बदलताना बरेच जण सोय म्हणून सलग दोनदा खाली मारतात. संथ लयीत ते खपतं, पण वेग वाढला की दुसरा आघात वेळेवर पोचत नाही आणि लय लंगडते. सतारीवर दा-रा (उलटसुलट आघात) केलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पिक एक ते दीड मिलिमीटर जाड घ्यावा. पातळ पिक वाकतो आणि आवाज उशिरा येतो. मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून दर ठोक्याला दोन सूर. सलग तीनदा बिनचूक आलं तरच चारनं वाढवायचा. यूट्यूबवर वेग पाऊणपट किंवा निम्मा केला तरी पट्टी बदलत नाही, तेव्हा पूर्ण वेगाच्या व्हिडिओमागे धावायचं काहीच कारण नाही.

गिटारवरून मेंडोलिनकडे येणारे एका फ्रेटला एक बोट लावतात. मेंडोलिनवर एका बोटाकडे दोन फ्रेट असतात: पहिलं बोट एक-दोनला, दुसरं तीन-चारला, तिसरं पाच-सहाला, करंगळी सातला. सातव्या फ्रेटचा सूर शेजारच्या बारीक मोकळ्या तारेशी जुळतो. सूर लावला की हे तपासावं. जुळत नसेल तर आधी ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) बघा, कारण तो चिकटवलेला नसतो, सरकतो. बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर एकच हवा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज तारा अडकवतात त्या टोकाकडे किंचित सरकवा, उतरता असेल तर मानेकडे. तारा थोड्या सैल कराव्यात, पण सगळ्या एकदम सोडू नयेत. ब्रिज पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून खटाटोप.

मेंडोलिनच्या तारांना टोकाला फास असतो, गिटारच्या तारांना गोळी. फासाची तार मिळाली नाही तर योग्य जाडीच्या गिटारच्या तारेची गोळी पकडीनं चेपून काढता येते. गोळी फुटून उडते, चष्मा घाला.

आपल्याकडची हवा हाही प्रश्न आहेच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा उंच होतात आणि मुलं बोटं दुखतात म्हणून सोडून देतात. उन्हाळ्यात तेच लाकूड आकसून तारा फ्रेटवर खडखडतात. वाद्य पेटीत ठेवावं, उन्हात लावलेल्या गाडीत तर कधीच नको.

बँजो मात्र विचारपूर्वक. आपल्याकडे बँजो मागितला की मिरवणुकीतला, बटणं दाबून वाजवायचा समोर येतो. ब्लूग्रासचा पाच तारांचा असतो, वर ढोलासारखं पान ताणलेलं, आणि पाचव्या आखूड तारेची खुंटी मानेच्या मध्यावर, पाचव्या फ्रेटजवळ. अंगठा आणि दोन बोटांनी आठ सूर ३-३-२ असे पाडायचे. तबला ऐकलेल्या कानाला हे अवघड नाही.

तबला किंवा काहोन (हातानं वाजवायची लाकडी पेटी) मात्र या बैठकीत आणू नये, असं आमचं स्पष्ट मत. ठेका मेंडोलिनच धरतं. जी कॉर्डसाठी डी तारेवर पाचवा, ए वर दुसरा, ई वर तिसरा फ्रेट दाबायचा, जाड जी तार सोडायची, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला छेडून बोटं लगेच सैल करायची. मोकळ्या तारांची कॉर्ड इथं चालत नाही, कारण ती गुंजत राहते.

शहरातल्या वाचनालयांना आणि सभागृहांच्या व्यवस्थापनांना विनंती की आठवड्यातून एक संध्याकाळ एखादी छोटी खोली अशा बैठकीसाठी द्यावी. गोल करून बसायचं, सुरू करणाऱ्यानं पट्टी आधी सांगायची, आळीपाळीनं एकेकानं धून वाजवायची आणि तेव्हा बाकीच्यांनी हळू साथ करायची. संपवायचं असेल तर सुरू करणारा पाय उचलतो, सगळे त्या फेरीअखेर थांबतात. माईक, स्पीकर लागत नाही. बिनहाताच्या दहा-बारा खुर्च्या पुरतील. हात असलेल्या खुर्चीत गिटार नीट मांडीवर बसत नाही.

आपले,
काही तंतुवाद्य वादक, नाशिक