सगळ्यात मागून येणारीस

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. विशेष खरंच आहे, म्हणून लिहितोय.

आभार मानलेले तुला खपत नाहीत हे मला माहीत आहे. त्या रविवारी निरोप घेताना मी नुसतं तोंड उघडलं, तर तू म्हणालीस, "घरी गेल्यावर आधी साखळी धू, गंजेल," आणि सायकलवर टांग मारून निघून गेलीस. मग आता हे असं उघड्यावर, चारचौघांसमोर का? कारण गेले दोन महिने ती गोष्ट मी चारचौघांतच सांगत सुटलोय आणि दर वेळी थोडी खोटी सांगतोय. माझ्या तोंडी ती अशी येते: "खिंडीत हवा बिघडली, मग आम्ही मागे फिरायचं ठरवलं." ऐकणारे माना डोलावतात. काय समंजस मंडळी, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मी ते मुकाट्याने खिशात घालतो.

आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. तू ठरवलंस, आणि मी तुझ्याशी भांडलो.

शनिवारी सकाळपासून सांगतो. निघताना आपण पाचजण एकमेकांच्या सायकली न्याहाळत होतो. माझं सगळं सामान सात किलोत बसवलं होतं आणि हे मी न विचारता तिघांना सांगितलं होतं. तुझ्या सायकलला हँडलबारवर एक वळकटी, फ्रेममध्ये बॅग, सीटखाली बॅग, पुढच्या फोर्कला दोन्हीकडे दोन पिशव्या. "विंचवाचं बिऱ्हाड निघालं," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ते कुणीतरी म्हणजे मीच. तू हसलीस आणि नेहमीसारखी मागे जाऊन उभी राहिलीस.

पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हताच. थेंब दिसत नाहीत, आवाज येत नाही, आणि अर्ध्या तासात बाही पिळली तर पाणी निघतं, असला तो प्रकार. डोंगर आधीच आठवडाभर भिजून टम्म झालेला. वाटेवरून ओढा वाहत होता की ओढ्यातून वाट जात होती हे शेवटपर्यंत कळलं नाही. टायर आणि फ्रेमच्या मधे चिखल, गवत आणि बारीक खडी यांचा असा गच्च लगदा बसायचा की चाक फिरायचंच थांबायचं. काडीने तो उकरायचा आणि पुढे ढकलायचं. त्या ढकलण्यात मी कुरकुरलो, की ही सायकलची सहल आहे का हमाली? तू मागून म्हणालीस, की १९५५ साली इंग्लंडमध्ये 'रफ स्टफ फेलोशिप' नावाचा क्लब निघाला तो नेमक्या याच हौसेसाठी. रस्ता सोडायचा, सायकल खांद्यावर घ्यायची आणि डोंगर ओलांडायचा. सायकललाच सामान बांधून आडवाटेने मुक्कामी हिंडायचं, त्याला आपण म्हणतो तो बाइकपॅकिंग हा शब्दसुद्धा तेव्हा रुळलेला नव्हता. "म्हणजे सत्तर वर्षांचा वेडेपणा आहे, तू एकटा नाहीस," असं म्हणालीस. त्या क्षणी मला इतिहास नको होता, कोरडे मोजे हवे होते. तेही तुझ्याकडेच निघाले, पण ते पुढे.

दुपारच्या त्या लांब उतारावर माझा पुढचा ब्रेक गेला. आधी लिव्हर हँडलला टेकायला लागला, मग पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी किंचाळी. चाकाची चकती दोन्हीकडून चिमटीत धरतात ते माझ्या ब्रेकचे पॅड मऊ रेझिनचे, म्हणजे राळेसारख्या पदार्थाचे होते. ओल्या खडीत ते फळ्यावरच्या खडूसारखे झिजतात, हे मला ऐकून माहीत होतं. सकाळी अर्धे शिल्लक होते, दुपारी नुसती पट्टी. जादा पॅड मी घेतले नव्हते, सात किलोंत बसत नव्हते ना. तू येऊन थांबलीस, एक लहानशी डबी उघडलीस आणि पॅडची जोडी काढलीस. मी म्हणालो, "तुझे माझ्या ब्रेकला बसणार नाहीत." तू म्हणालीस, "माझे नाहीतच. तुझेच आहेत."

तेव्हा आठवलं. बुधवारी रात्री तू फोनवर सहज विचारलं होतंस, तुझे ब्रेक कुठले रे? मला वाटलं, गप्पा.

तो सगळा प्रकार अजून डोळ्यांसमोर आहे. तू हातमोजा दातांनी ओढून काढलास, गार पडलेली बोटं काखेत घालून बसलीस, वीसपर्यंत मोजलंस. मग पिन काढली, जुने पॅड ओढले आणि टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने पॅड दाबणारे पिस्टन हलकेच मागे ढकलले. नवे पॅड धातूचे, सिंटर्ड. ते बसवण्याआधी वाकून रोटर, म्हणजे ती ब्रेकची चकती, वाचलास, त्यावर फक्त रेझिन वापरा असं कोरलेलं नाही ना, याची खात्री करायला. मग मला चढावर पाठवून चारपाचदा वेग घ्यायला आणि ब्रेक दाबायला लावलंस, नवे पॅड रोटरला रुळावेत म्हणून. जुन्या पट्ट्या कागदात गुंडाळून स्वतःच्या खिशात टाकल्यास. सगळं मिळून दहा मिनिटं. 'थँक्स' म्हणून मी पुढे सुटलो, आणि तू पुन्हा मागे.

आता खिंड.

खिंडीच्या तोंडाशी वाऱ्याने अक्षरशः थोबाडीत मारली. पलीकडे सहा किलोमीटरचा उघडा उतार आणि खाली रात्रीच्या मुक्कामाचं दगडी घर. नकाशावाला आणि मी, आमचं एकमत होतं: दीड तास उजेड आहे, सुटायचं, वीस मिनिटांत खाली. तू वर आलीस, कुणाकडे न बघता म्हणालीस, "पलीकडे जायचं नाही. मागच्या जंगलात लाकडांची शेड होती, तिकडे." मी चिडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आपल्या दोघांना आठवतंय तेवढं पुरे. एक वाक्य मात्र लिहायलाच हवं, कारण त्याची लाज अजून गेलेली नाही: "तुला जमत नसेल तर तू थांब."

तू मला उत्तर दिलं नाहीस. आपल्या पाचांतल्या धाकट्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "अंगठा करंगळीला लाव बघू."

त्याने हात पुढे केला. अंगठा निघाला, तळव्याच्या मध्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. तो आपल्या हाताकडे असा बघत होता, जणू दुसऱ्याचाच हात आहे. "मी ठीक आहे," असं म्हणाला, पण जीभ जड, दारू प्यायल्यासारखी. त्याच्या दुसऱ्या मुठीत खाऊची वडी होती, वेष्टन न फोडलेली. ती तो बहुधा तासभर तशीच धरून होता. आणि मी दुपारभर त्याच्या पुढेमागे चालवत होतो. तो गप्प आहे हे मला कळलं होतं. मला वाटलं, दम राखतोय, शहाणा आहे.

त्या रात्री स्टोव्हजवळ तू मला गणित समजावलंस. पारा पाच अंशांवर, म्हणजे गोठण्याच्या वरच. त्यात ताशी चाळीस किलोमीटरचा वारा लागला, की उघड्या कातडीला ते उणे एकसारखं लागतं. उतारावर वारा पडलेला असला तरी सायकल स्वतःच वारा तयार करते. आणि पाय थांबलेले असतात, त्यामुळे चढावर अंगात पेटलेली भट्टी विझते. त्यात कपडे ओले, आणि पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून नेतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली उतरलं की हायपोथर्मिया. बर्फ लागत नाही त्याला. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल हे दोघे संशोधक १९४१ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकात पाण्याचं नळकांडं वाऱ्यात टांगून ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजत बसले होते, आणि वाऱ्याच्या बोचरेपणाचा हिशेब तिथून सुरू झाला, हेही तूच सांगितलंस. वीस मिनिटांच्या त्या उतारात, न वळणाऱ्या बोटांनी, धाकट्याने ब्रेक कसा दाबला असता? हे मात्र तू विचारलं नाहीस. मीच विचारतोय, रोज.

शेड म्हणजे वर पत्रा आणि तीन बाजूंना फळ्या. तिथे पोचल्यावर तुझा आवाज बदलला. लहान वाक्यं, एका वेळी एकाच माणसाला एकच काम. त्याचे ओले कपडे काढा. आधी खाली मॅट घाला, जमीन जास्त गार असते. हातपाय चोळू नका. त्याला नाचायला, फिरायला लावू नका. (हे मी सुचवणारच होतो.) डोक्याला टोपी. मग फोर्कवरच्या त्या दोन पिशव्यांतलं बिऱ्हाड बाहेर पडलं: कोरडा लोकरीचा सदरा, मोज्यांच्या दोन जोड्या, आणि एक आख्खी जादा स्लीपिंग बॅग, कृत्रिम धाग्याची. माझी पिसांची महागडी बॅग एका कोपऱ्यात भिजली होती आणि तिथे पिसांचे गोळे होऊन नुसतं कापड उरलं होतं. अर्ध्या किलोच्या त्या बॅगेचं मी सकाळी केवढं कौतुक केलं होतं!

स्टोव्ह पेटवायचं काम माझं. माझी गॅसची टाकी दिवसभर सायकलवर गारठलेली, ज्योत जेमतेम दिव्याच्या वातीएवढी. तू जाकिटाच्या आतून तुझी टाकी काढून दिलीस, अंगाच्या उबेने कोमट. ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच नाकारतो, म्हणून ती दुपारपासून पोटाशी धरली होतीस. मग ज्योत भरभरून लागली. धाकट्याला स्वतःच्या हाताने मग धरता येतोय हे बघेपर्यंत तू त्याला काही पाजू दिलं नाहीस. नंतर गोड, गरम, घोटघोट.

तो आधी जेमतेम कापत होता, मग जोरात कापायला लागला. मी घाबरलो. तू पहिल्यांदाच हसलीस. म्हणालीस, "कापू दे. शरीर पुन्हा कामाला लागलंय." दोनेक तासांनी त्याने एक अत्यंत रद्दड विनोद सांगितला, त्याचा नेहमीचाच. इतक्या वाईट विनोदाला मी आयुष्यात कधी इतका हसलो नाही.

रात्री बाकीचे झोपल्यावर मी माफी मागायला सुरुवात केली. दोन शब्द झाले असतील, तू म्हणालीस, "पाण्याचा फिल्टर कुठंय?" बाहेर सायकलवरच होता. त्यातलं पाणी गोठलं तर आतल्या बारीक नळ्या फुटतात आणि वरून काही कळत नाही, म्हणून तो उशाशी घेऊन झोपायचा. मी उठून तो आणला. परत आलो तोवर तू झोपली होतीस, किंवा तसं दाखवलं होतंस.

रविवारी विशेष काही घडलं नाही. भिजत, हळूहळू, आलो त्याच वाटेने उतरलो. पण एक गोष्ट झाली, आणि खरं तर हे पत्र मी तिच्यासाठीच लिहायला घेतलं. धुक्यात सगळ्यांनी मागचे लाल दिवे लावले होते. मला वाटलं, आज तरी हिला सोबत करावी, म्हणून मी मुद्दाम मागे पडलो आणि तुझ्या बाजूने चालवायला लागलो. तू वैतागलीस. "तू पुढे जा. तू इथे आलास की माझी मोजणी चुकते."

मोजणी?

"समोर चार लाल ठिपके दिसायला हवेत."

इतकी वर्षं आपण एकत्र हिंडतोय. इतकी वर्षं मी समजत होतो, की तू हळू चालवतेस. एखादा ठिपका लांबला की तू वेग वाढवायचीस, अडखळला की थांबायचीस, वाकडा चालायला लागला की काय झालं असेल याचा विचार करायचीस. धाकट्याचा ठिपका शनिवारी दुपारपासून डुलत होता, हे तुला म्हणूनच दिसलं. मला कसं दिसणार? माझ्या पुढे कुणी नसतंच. मीच असतो.

तर, आभार. पॅडचे, मोज्यांचे, कोमट टाकीचे. माझ्याशी न भांडल्याचेही. धाकटा म्हणतो त्याचेही लिही, त्याला स्वतःला लिहायला जमत नाही. अंगठा आता करंगळीला लागतो, हे मात्र त्याने आवर्जून कळवायला सांगितलंय.

तुझे लोकरीचे मोजे माझ्याकडे आहेत, धुतलेत, पण एक थोडा आटलाय. तुझे ब्रेक कुठले ते मी तुझ्या भावाकडून काढून घेतलं. तुझ्या मापाच्या पॅडची एक जोडी आता माझ्या डबीत असते. सामान साडेनऊ किलो झालंय.

पुढच्या वेळी एक दिवस तरी मला मागे राहू देशील का? लगेच नाही म्हणू नकोस. चारच ठिपके आहेत, आणि मोजायला मी शिकतोय. साखळी त्याच रात्री धुतली होती.

तुझा,
पुढे पळणारा