कधीकधी न सुटणारा शॉट

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय भावा,

सापडला! माझ्या एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचा दोष सापडला, आणि तो माझ्या बोटात नव्हता. दुपारी फोन केला तेव्हा तू गाडी चालवत होतास. घाईत सांगायची ही गोष्ट नाही, म्हणून निवांत बसून लिहितोय.

ती साठ शॉट्सची मॅच तुला आठवत असेल. दहा-दहा शॉट्सच्या सिरीजमधली चौथी, तिसरा शॉट. साईट स्थिर होती, ट्रिगरचा पहिला टप्पा घेतला, दुसऱ्यावर दाब वाढवत नेला, आणि ट्रिगर भिंतीला टेकावा तसा थांबला. सुटेचना. तिथेच पिस्तूल खाली घ्यायला हवं होतं. मी बोटाचा जोर वाढवला. शॉट सुटला तेव्हा फ्रंट साईट, नळीच्या टोकाची, केव्हाच खाली गेली होती. दहापैकी सात. उरलेल्या 27 शॉट्समध्ये ट्रिगर एकदाही अडकला नाही, पण प्रत्येक शॉटला मी त्याच्या अडकण्याची वाट बघत होतो.

मागून तू म्हणालास, "जर्क केलास," म्हणजे ट्रिगर झटक्याने ओढलास. सरही तेच म्हणाले. मागे उभ्या असणाऱ्याला तेवढंच दिसणार, त्याचा मला राग नाही. मलाही ते पटलं. मग तीन महिने घरी भिंतीसमोर रोज दीडशे ड्राय फायर केले, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर ओढायचा. घरी ट्रिगर एकदाही अडकला नाही. म्हणजे हे मनातलंच आहे, असं मी धरून चाललो. रात्री अंथरुणात पडल्यावरसुद्धा उजव्या हाताचं बोट आपोआप वाकायचं. आई विचारायची, हाताला काय झालंय?

शेवटी वही केली. रेंजवर प्रत्येक शॉटचा नंबर लिहायचा आणि अडकला की फुली मारायची. दोनशे शॉट्समध्ये नऊ फुल्या आल्या. कधी सातव्याला, कधी एकोणतिसाव्याला, त्यांच्यात काही क्रम नाही. मग सरांना म्हटलं, तुम्ही मारून बघा. त्यांनी शांतपणे मारायला सुरुवात केली आणि तेविसाव्या शॉटला त्यांचा हात हवेत तसाच थांबला. पिस्तूल टार्गेटच्याच दिशेला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते बघून माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तरी तो अडकला होता.

वजन तपासलं. नळी उभी धरून 500 ग्रॅमचं वजन ट्रिगरने उचललं, तीनही वेळा व्यवस्थित उचललं गेलं. पण ही चाचणी ट्रिगर नियमापेक्षा हलका नाही ना, एवढंच बघते. तो वेळेवर सुटतो का, हे तिला कळत नाही. एक्विपमेंट कंट्रोलमधून, म्हणजे मॅचच्या पिस्तूल-तपासणीतून, मी प्रत्येक वेळी पास झालो, त्यात नवल नाही.

मग हवेचा सिलिंडर काढला, ग्रिप काढली, सगळं पुसलं आणि सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब दिला. दोन दिवस एकही फुली नाही. मी पेढे आणायच्या बेतात होतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार. फार वाईट वाटलं रे तेव्हा.

पण तिथूनच धागा लागला. तेलाने दोन दिवस फरक पडला, म्हणजे घर्षणाचा काहीतरी संबंध होता. आणि घरी कधीच का अडकत नाही? ग्रिप काढलेलं पिस्तूल टेबलावर ठेवून मी भिंग घेऊन बसलो. माझ्या पिस्तुलात ड्राय मोडला, म्हणजे ड्राय फायरच्या सेटिंगला, शॉट सोडणारा हॅमर ओढलेला नसतो. ट्रिगर हाताला हुबेहूब तसाच लागतो, पण सिअरवर, म्हणजे हॅमरला अडवून धरणाऱ्या तुकड्यावर, हॅमरच्या स्प्रिंगचा भार नसतो. खऱ्या शॉटला तो सगळा भार सिअरच्या त्या बारीकशा कडेवर येतो. कड जास्त घट्ट धरली जाते, पिनांमधली ढिलाई एका बाजूला दाबली जाते, आणि सुटायला ट्रिगरला केसभर जास्त मागे यावं लागतं.

आणि ते केसभर अंतर मीच काढून घेतलं होतं! मॅचच्या पंधरा दिवस आधी मी ट्रिगर स्टॉपचा, म्हणजे ट्रिगर किती मागे येईल ते ठरवणारा, स्क्रू आवळला होता. शॉट सुटल्यावर ट्रिगर जराही मागे जाऊ नये, खडू मोडावा तसा कट्कन सुटून जागीच थांबावा, ही माझी हौस. तो बसवला ड्राय मोडमध्ये, घरी, टेबलावर. तिथे तो बरोबरच होता. भाराखाली मात्र सिअर सुटायच्या आधीच ट्रिगर स्टॉपला टेकायचा. कधी सुटायचा, कधी नाही. लगेच अडकला असता तर संबंध लक्षात आला असता. पण पहिली फुली पंधरा दिवसांनी, तीही मॅचमध्ये पडली, आणि स्क्रू मी विसरून गेलो होतो.

स्क्रूवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारली आणि पाव फेरा सैल केला. शंभर शॉट्स, एकही फुली नाही. पण तेलाने एकदा फसवलं होतं, म्हणून रेघ पुन्हा जुळवून पाव फेरा आवळला. नवव्या शॉटला अडकला. सैल केला, बंद. आवळला, पुन्हा अडकला. तो अडकला म्हणून मला आनंद झाला, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. आता तीनशे शॉट्स झाले, वही कोरी आहे.

टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं होतं, आठवतं? 575 वर राहिली, दोन गुणांनी फायनल हुकली. बिघाड जगाला दिसूनही तिच्या मनाच्या ताकदीवर बोलणारे बोललेच. माझं तर काहीच दिसत नव्हतं. पिस्तूल ठीक झालंय, पण बोट अजून बिचकतं. दुसऱ्या टप्प्यावर क्षणभर थबकतं, जणू विचारतं, आता सुटशील ना? म्हणून सध्या टार्गेट न लावता, कोऱ्या भिंतीवर खऱ्या पेलेटचे शॉट मारतोय. स्कोअर बघतच नाही.

हे एवढं सविस्तर तुला लिहायचं कारण, गेल्या पत्रात तू लिहिलंस की नव्या पिस्तुलाचा स्टॉप "एकदम टाइट" केलायस. तू आता राही सरनोबतसारखा 25 मीटरवर गेलास. रॅपिड टप्प्यात प्रत्येक शॉटला टार्गेट 3 सेकंदच समोर असतं. तिथे ट्रिगर असा थांबला तर पिस्तूल खाली घेऊन पुन्हा उचलायला वेळच नाही. तेव्हा पुढच्या मॅचआधी स्टॉप रेंजवर, खऱ्या गोळीवर बसव, ड्राय मोडवर नको. स्क्रूला रेघ मार. आणि त्यानंतर किती शॉट्स मारलेस, किती फुल्या पडल्या, ते मला लिही.

तुझाच,
लेन नंबर चारवाला