शेडची वीज आणि गाळलेले अर्थिंग

महोदय,

कालच्या पुरवणीत परसातल्या शेडपर्यंत कमी खर्चात वीज नेण्याविषयी आपण अर्धे पान दिले, त्यात दिव्यांच्या रंगांचीही चर्चा आहे, पण अर्थिंगचा, म्हणजे गळणारा करंट जमिनीत उतरवणाऱ्या तारेचा, साधा उल्लेख नाही, याचा मला मनस्वी संताप आला. स्वयंपाकघरातल्या प्लगमधून दोन तारांची वायर काढून कंपाउंडच्या भिंतीवरून न्यावी, हा सल्ला पावसाळ्याच्या तोंडावर जीवघेणा आहे.

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका ठेकेदाराने नेमके असेच काम करून दिले होते. पत्र्याच्या धारेवर घासून वायरचे आवरण फाटले आणि पहिल्याच पावसात दाराची कडी धरताच आमच्या माळीबुवांना असा करंट लागला, की ते मागे चिखलात फेकले गेले. कडीवरचा हात सुटला म्हणूनच ते वाचले. जाब विचारला तेव्हा, 'एमसीबी लावून दिली आहे, मग भीती कसली?' असे त्या गृहस्थाने आम्हालाच सुनावले. १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असते. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो आणि तेवढ्याने ती पडत नाही. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहात ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच क्षणार्धात वीज तोडते ती आरसीसीबी, आणि आपल्या लेखात तीही नाही.

शेडसाठी मुख्य बोर्डातून आरसीसीबीसह स्वतंत्र सर्किट काढावे, अर्थिंगची तार असलेली आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल सुमारे ७५ सेंटिमीटर खोल, वाळूच्या थरात, वर विटा रचून पुरावी, आणि शेडचा पत्राही अर्थिंगला जोडावा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व केबलला ताण देते, म्हणून वाळूत कसर करू नये. अर्थिंगचा खड्डाही त्याच दिवसांत कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावे लागते.

याच निमित्ताने आणखी एक सांगणे भाग आहे. कूलरच्या हंगामात बाजारात दोन तारांच्या वायरला तीन पिनांचा टॉप लावून सर्रास विकला जातो. त्यातली जाड पिन कशालाच जोडलेली नसते, आणि ग्राहक मात्र अर्थिंग मिळाले या समजुतीने घरी जातो. कूलरचा करंट लागून माणसे गेल्याच्या बातम्या आपणच दर उन्हाळ्यात छापता, मग ही विक्री आपल्या वार्ताहरांच्या नजरेस कशी पडत नाही?

माझी विनंती अशी, की पाऊस सुरू होण्यापूर्वी त्याच पुरवणीत, तेवढ्याच जागेत दुरुस्ती छापावी आणि असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घेऊन त्याच्याकडून चाचणी अहवाल मागावा, हे त्यात ठळक अक्षरांत द्यावे.

– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर