टायरची साईज सगळे बघतात, वजनाचा आकडा कोणी बघत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात उन्हाळाभर एक बातमी येतच राहते, टायर फुटला, ड्रायव्हरचा ताबा सुटला, पिकअप पलटी. बातमी तिथेच संपते. टायर का फुटला हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी लोक म्हणतात ऊन किती आहे बघा. ऊन आहेच हो, जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, पण त्याच उन्हात त्याच रस्त्यावर शंभर गाड्या चालतात आणि एकाचाच टायर फुटतो. यंदा तो एक मी होतो, म्हणून लिहितोय.

मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक. घरची पिकअप आहे, घरचा माल झाला की भाऊबंदांचंही भाडं मारतो. मार्चमध्ये मागचे दोन टायर बदलले. दुकानात विचारलं २१५/७५ आर १५ आहे का, दुकानदार म्हणाला आहे, तेही जोडीमागे अडीच हजारानं स्वस्त. साईज तीच, कंपनी नावाजलेली, मग अजून काय बघायचं? त्याने ३५ हवा मारून दिली. आधीच्या टायरला मागे ६० लागायची, तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं, पण मला वाटलं नवीन टायर आहे, याला कमीच लागत असेल.

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास केळीचे क्रेट भरून चोपड्याहून सावद्याकडे निघालो आणि अडावदच्या अलीकडे मागचा डावा टायर गेला. मोठा आवाज, गाडी डावीकडे ओढली, मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं आणि ब्रेक एकदम दाबला नाही म्हणून ती साईडपट्टीवर निंबाच्या झाडाजवळ थांबली. पुतण्या शेजारी होता, त्याचं कोपर दारावर आदळून हाड चिरलं. अर्धे क्रेट रस्त्यावर, आणि त्या उन्हात केळीचं काय होतं हे खान्देशात कोणाला सांगायची गरज नाही.

गावातून एक म्हातारे पंक्चरवाले बाबा मोटरसायकलवर आले. त्यांनी आधी फुटलेला टायर उलटा केला. बघतो तर वरची नक्षी जशीच्या तशी, नवीन टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते सुद्धा कडेला शाबूत, आणि बाजू मात्र गोल फाटून सोलल्यासारखी लोंबत होती, हात लावला तर चटका. मग स्टेपनी काढली. स्टेपनी कंपनीतून आलेली, कधी खाली उतरलीच नव्हती. बाबांनी ओल्या फडक्यानं दोन्ही टायर पुसले, शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवलं. दोन्हीवर २१५/७५ आर १५. पण त्याच्या पुढे स्टेपनीवर १०६/१०३ आणि ८ पीआर, तर फुटलेल्यावर नुसतं १०० एस. बाबा म्हणाले, "हाऊ टायर जीपना शे भो, मालनी गाडीना नही."

साईजपुढच्या त्या १०६ किंवा १०० या आकड्याला लोड इंडेक्स म्हणतात. तो किलोचा आकडा नाही, नंबर आहे, आणि प्रत्येक नंबरचं वजन ठरलेलं आहे. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो. १०६ म्हणजे ९५० किलो. पुढचं अक्षर स्पीडचं, त्यात आपल्याला फार पडायचं कारण नाही. दोन आकडे असले तर पहिला एकेरी चाकाचा आणि दुसरा टाटा ४०७ ट्रकसारख्या मागे जोडटायर असलेल्या गाडीचा, म्हणजे पिकअपवाल्याने पहिलाच बघायचा. ८ पीआर म्हणजे आत खरंच आठ थर असतात असं नाही, ती आता ताकदीची खूण राहिली आहे, लोक तिलाच ८ प्लाय म्हणतात.

घरी आल्यावर राहवेना. बाबांनी दाखवलं तसे टायर टाकून, तितकेच क्रेट भरून गाडी वजनकाट्यावर नेली आणि फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. १८६० किलो. म्हणजे एका चाकावर ९३०, आणि मी दोन महिने ८०० किलोच्या टायरवर ते ओढत होतो. माल पासिंगच्या, म्हणजे गाडीच्या कागदावर मंजूर असलेल्या वजनाच्या आतच होता बरं का, ओव्हरलोड नव्हता! पण पिकअपमध्ये मालाचं जवळपास सगळं वजन मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे एकूण वजनाला चारने भागून हिशोब केला तर फसायला होतं. १०६ च्या टायरवर सुद्धा माझ्याकडे चाकामागे २० किलोच शिल्लक राहतात, म्हणून आता मी क्रेट कमी भरतो.

वजन झेपलं नाही की टायर खाली चेपतो, त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, त्यात आतून गरम होत जातो, रबर आणि दोरे एकमेकांना सोडतात. हवा कमी असली की तेच होतं. काही जण सांगतात मग साध्या टायरमध्ये ६० भर की, टणक होईल. नका करू. तो टायर तेवढ्या हवेसाठी बनवलेलाच नसतो, जास्तीत जास्त हवेचा आकडा बाजूवर छापलेला असतो तो वाचा. आणि हवा सकाळी टायर थंड असतानाच बघायची, गरम टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून काढून टाकायची नाही.

आपल्याकडे अजून एक सवय आहे, मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवायची. दोन पाटे जास्त टाकले की गाडी बसत नाही, मग लोकांना वाटतं गाडीची ताकद वाढली. पाटे वाढले तरी टायर तोच राहतो ना? गाडी बसत नाही म्हणून जास्त माल भरला जातो आणि ते सगळं टायरवर येतं.

माझी विनंती एवढीच की टायर दुकानदारांनी पक्क्या बिलावर साईजसोबत लोड इंडेक्स आणि प्लाय लिहून द्यावं. माझ्या बिलावर फक्त साईज आणि कंपनीचं नाव आहे, त्यामुळे भांडायला गेलो तर दुकानदार म्हणाला तुम्ही जे मागितलं तेच दिलं, आणि ते खरंच होतं. फिटनेसला गाडी जाते तेव्हाही नक्षी किती झिजली यासोबत हा आकडा बघितला जावा. आणि आपण पेपरात एवढा छोटा चौकोन छापावा: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. पंक्चरच्या दुकानात लोक कात्रण चिकटवतील, मी स्वतः अडावदच्या बाबांकडे नेऊन देईन.

आपला,
एक केळी उत्पादक व पिकअपचालक
ता. चोपडा, जि. जळगाव